पुढचे पुस्तक कोणी निवडावे?

परवा रविवारी सकाळी मी वर्तमानपत्र उघडून बसलो होतो, तोच जिन्यावर पावलांचा मोठा गलबला झाला आणि शेजारची सात मुले माझ्या दारात येऊन उभी राहिली. सातही जणांचे चेहरे तापलेले होते. त्यांतील एका उंच मुलाच्या हातात 'फास्टर फेणे'च्या मालिकेतील एक पुस्तक होते. एका मुलीने विष्णुभट गोडसे यांचे 'माझा प्रवास' छातीशी घट्ट धरले होते. आणि बाकीची मुले एकाच वेळी बोलत होती. "आजोबा, आता तुम्हीच निकाल द्या," एवढेच काय ते मला प्रथम कळले.

ही मुले मला नवीन नाहीत. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांनी आपले एक छोटेसे वाचनमंडळ काढले. दर महिन्याला एक पुस्तक सर्वांनी वाचायचे आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी गच्चीवर जमून त्याविषयी मनमोकळे बोलायचे, एवढाच त्या मंडळाचा नियम. त्याला वर्गणी नाही, अध्यक्ष नाही, कार्यवाहही नाही. मला या मंडळाचे फार कौतुक वाटते. वाचन हा एकट्याने करावयाचा उद्योग खरा. परंतु वाचलेल्या गोष्टीविषयी बोलायला जवळ कोणीच नसले, म्हणजे पुस्तक मिटल्यावरही मनाला काहीतरी चुकल्यासारखे वाटत राहते.

भांडण असे होते. पुढचे पुस्तक कोणते घ्यावे, याचा कौल मंडळ दर महिन्याला घेत असे. या महिन्यातही तो घेतला होता. आणि हल्लीच्या रीतीप्रमाणे तो मोबाईलवर घेतला असल्यामुळे दोन मिनिटांत निकालही लागला होता. फास्टर फेणेला चार मते, 'माझा प्रवास'ला दोन. सर्वांत लहान मुलाने कोणालाच मत दिले नव्हते. हा निकाल ऐकून ती मुलगी म्हणाली होती, "आतापर्यंत सहा पुस्तके झाली. सहाही वेळा याच चौघांना हवे ते पुस्तक आले. पुढेही त्यांचेच येणार. मग आम्ही तिघांनी या मंडळात राहायचे तरी कशाला?"

"पण मतदान झाले ना?" तो उंच मुलगा मला सांगू लागला. "बहुमत ते बहुमत! शाळेत आम्हांला हेच शिकवतात. आम्ही काही लबाडी केलेली नाही."

त्याने लबाडी केली नव्हती, हे अगदी खरे होते. आणि त्या मुलीचा प्रश्नही खरा होता. मी सर्वांना खाली बसवले आणि रव्याच्या लाडवांचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. तोंडात लाडू असताना माणसाला भांडता येत नाही, हा माझा जुना अनुभव आहे. त्या वेळी मी त्यांना जे सांगितले ते तुटक होते. मागाहून शांतपणे विचार केल्यावर मला जे वाटले, ते येथे नीट मांडत आहे. कारण असे मंडळ तुमच्यापैकीही कोणी काढले असेल, किंवा उद्या काढील, आणि तेथेही हाच प्रश्न उभा राहिल्यावाचून राहणार नाही.

बहुमताविषयी मला आदर आहे. सहलीला सिंहगडावर जायचे की कार्ल्याच्या लेण्यांकडे, हे ठरवायचे असेल, तर हात वर करून मते मोजण्यावाचून दुसरा उपाय नसतो. गाडी एक, दिवस एक; अर्ध्या मुलांनी इकडे जावे आणि अर्ध्यांनी तिकडे, असे करता येत नाही. अशा वेळी थोड्यांनी पुष्कळांचे ऐकावे, हेच शहाणपणाचे आणि न्यायाचे. परंतु अंगणात एकच झोपाळा आहे आणि मुले सात आहेत, अशी कल्पना करा. त्यावर कोणी बसावे याचा कौल तुम्ही दर वेळी घेता का? तसा घेतलात, तर ज्याचे मित्र अधिक तोच दिवसभर झोके घेईल आणि बाकीचे नुसते उभे राहतील. म्हणून झोपाळ्याच्या बाबतीत तुम्ही मते मोजत नाही, पाळी लावता. पुस्तकांचे मंडळ सहलीसारखे नाही, झोपाळ्यासारखे आहे. या महिन्यानंतर पुढचा महिना येतच असतो. जेथे पाळी लावणे शक्य आहे, तेथे मतदान घेण्याचे काही कारण नाही. आणि दर वेळी तेच लोक हरत असतील, तर तेथे मतदान हा न्यायही नव्हे, मग त्यात लबाडी असो वा नसो.

मतदानात आणखी एक उणीव आहे. त्यात माणसे मोजली जातात, ओढ मोजली जात नाही. मी त्या चौघांना एकेक करून विचारले, "तुला हेच पुस्तक का हवे?" एक म्हणाला, "चांगले असेल." दुसरी म्हणाली, "ह्याने मत दिले म्हणून मीही दिले." तिसऱ्याला तर आपण कशाला मत दिले हेच क्षणभर आठवेना. 'माझा प्रवास' हातात धरून बसलेल्या मुलीला मात्र मी काही विचारण्याची गरजच पडली नाही. शाळेत १८५७ च्या उठावाचा धडा झाल्यापासून ते पुस्तक तिने दोनदा वाचनालयातून आणले होते. चार सहज दिलेली मते एकीकडे, आणि दोन महिने मनात जपलेली इच्छा दुसरीकडे. गणितात चार हे दोनांहून अधिक असतात, यात शंका नाही, पण येथे आपण नेमके काय मोजत आहोत?

तिसरी उणीव मला सर्वांत मोठी वाटते. पुस्तक वाचण्यापूर्वी त्याच्याविषयी मत द्यायचे असते. वाचलेले कोणीच नसते, तेव्हा मत पडते ते ओळखीला. ज्याचे नाव ऐकले आहे, ज्याचे मुखपृष्ठ पाहिले आहे, ज्याच्यासारखे दुसरे एखादे आधी वाचून झाले आहे, त्याला मत मिळते. अनोळखी पुस्तक बिचारे मान खाली घालून मागे सरते. यात फास्टर फेणेचा काही दोष नाही. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा बनेश फेणे माझाही लाडका आहे; या वयातही त्याचे पुस्तक हाती आले, तर मी ते अर्धे टाकून उठत नाही. पण तोसुद्धा एके काळी कोणाच्याच ओळखीचा नव्हता, हे विसरू नये. त्याचे पहिले पुस्तक निघाले त्या वेळी मुलांनी असाच कौल घेऊन ओळखीचे तेवढेच वाचायचे ठरवले असते, तर बनेशला वाचक कोठून मिळाले असते?

आता त्या मुलीच्या हातातील पुस्तकाकडे वळतो. त्याविषयी दोन शब्द अधिक बोललो, तर तुम्ही मला क्षमा करा. आवडत्या पुस्तकाविषयी आवरते घेणे मला साधत नाही. विष्णुभट गोडसे हे कोकणातील वरसई गावचे एक गरीब भिक्षुक. घरची स्थिती ओढगस्तीची. उत्तरेत मोठा यज्ञ होणार आहे आणि तेथे चांगली दक्षिणा मिळेल, असे कळल्यावरून १८५७ साली ते आपल्या काकांबरोबर पायी निघाले. आपण कोणत्या वणव्यात पाऊल टाकीत आहोत, याची त्यांना कल्पना नव्हती. वाटेतच उठाव सुरू झाला. १८५८ साली इंग्रज सेनेने झाशीला वेढा घातला, तेव्हा हे गृहस्थ त्या शहरातच होते. राणी लक्ष्मीबाईंना त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिले होते. तोफांचा भडिमार, शहराची लूट, भूक, भीती हे सारे त्यांनी भोगले. आणि अखेर, ज्या पैशासाठी घर सोडले तो गमावून, गंगेच्या पाण्याची कावड घेऊन ते कोकणात परत आले. कावड म्हणजे एका लांब बांबूच्या दोन टोकांना दोन भांडी टांगून ती खांद्यावरून वाहून नेण्याचे साधन. आईवडिलांना गंगेचे स्नान घडावे म्हणून हा भार त्यांनी वाहिला.

हे सर्व त्यांनी पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणाकडे झुकल्यावर, लिहून काढले. चिंतामणराव वैद्य यांनी त्यात काही फेरफार करून ते १९०७ साली प्रसिद्ध केले, तेव्हा ते पाहण्यास विष्णुभट हयात नव्हते. पुढे १९६६ साली दत्तो वामन पोतदार यांनी मूळ हस्तलिखितावरून त्याची आवृत्ती काढली. सेनापतींनी लिहिलेले युद्धाचे वृत्तांत पुष्कळ असतात. पण ज्याच्या हाती तलवार नाही, ज्याला कोणाचा जय होतो यापेक्षा आपण जिवंत घरी पोहोचतो की नाही याची काळजी आहे, अशा साध्या माणसाने लिहिलेली हकिगत क्वचितच मिळते. पुस्तकाची भाषा जुनी आहे, हे खरे. पहिली दहा-बारा पाने जड जातात. चढाची वाटही सुरुवातीला जड जातेच. आणि तेवढ्यावरून कोणी गड चढायचे सोडीत नाही.

"पण आजोबा," त्या उंच मुलाने मध्येच विचारले, "ते पुस्तक आम्हांला नाही आवडले, तर? आमचा सगळा महिना फुकट जाईल!"

हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला उत्तर दिल्यावाचून मला पुढे जाता येणार नाही. कोणतेही पुस्तक सर्वांना आवडेलच, असे मी सांगू शकत नाही. तथापि न आवडलेल्या पुस्तकाचा महिना फुकट जातो, हे मला मान्य नाही. सर्वांना सारखेच आवडलेल्या पुस्तकाविषयी बोलायला मुले गच्चीवर जमतात, तेव्हा "फार छान होते" असे सात वेळा म्हणून झाले की सभा संपते. मागच्या महिन्यात असेच झाल्याचे त्यांनीच मला सांगितले. बोलणे दहा मिनिटांत आटोपले आणि मग पतंग उडवले. मतभेद झाला म्हणजे मात्र "तुला हे का आवडले नाही?" असे विचारावे लागते, पान उघडून दाखवावे लागते, आणि दाखवता दाखवता आपलेच मत कधी कधी बदलते. शिवाय आपल्याला न आवडणारी गोष्ट आपल्या मित्राला का आवडते, हे कळणे म्हणजे तो मित्र अधिक कळणे. मंडळ मित्रांचे आहे. नुसती पुस्तकेच वाचायची असती, तर ती प्रत्येकाने आपापल्या घरी बसून वाचली असती. गच्चीवर जमण्याचे कारण काय?

या बाबतीत माझ्या हातून एक चूक झालेली आहे, ती येथे सांगून टाकतो. कॉलेजात असताना आम्हां पाच मित्रांचेही असेच एक मंडळ होते. एकदा आमच्यातील एका मित्राने लक्ष्मीबाई टिळक यांचे 'स्मृतिचित्रे' वाचू या, असे सुचवले. मी ते पुस्तक उघडूनही पाहिले नव्हते. असे असूनही मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "एका बाईच्या घरगुती आठवणी आपण कशाला वाचायच्या?" बाकीचे तिघे हसले, मते मोजली गेली, आणि माझ्या पसंतीची एक जाडजूड कादंबरी आम्ही घेतली. ती कोणती होती, हे आज मला आठवतही नाही. त्या मित्राने पुन्हा कधी पुस्तक सुचवले नाही. तो येत असे, ऐकत असे आणि निघून जात असे. पुढे येईनासाही झाला. त्याचे कारण तेव्हा आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, आजारपणात अंथरुणावर पडून असताना, 'स्मृतिचित्रे' माझ्या हाती आले. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत निघालेले ते पुस्तक मी चार दिवसांत वाचून संपवले. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या या बाईने किती सरळ, किती हसऱ्या मराठीत आपली कहाणी सांगितली आहे! वडिलांचे कडक सोवळे, पती नारायण वामन टिळक यांचा लहरी स्वभाव, त्यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर सोसावा लागलेला वियोग. ज्या प्रसंगी दुसरा कोणी रडला असता, त्या प्रसंगीही लक्ष्मीबाई स्वतःकडे पाहून हसतात आणि वाचकाच्या डोळ्यांत मात्र पाणी उभे करतात. पुस्तक मिटल्यावर मला पहिली आठवण झाली ती त्या मित्राची. त्याच्याशी बोलावे असे फार वाटले. पण तो कोठे होता, हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. मतमोजणीत मी जिंकलो होतो खरा. पण त्या पुस्तकाविषयी माझ्याशी बोलू शकणारा एकुलता एक माणूस मी त्या दिवशी गमावला होता.

ग्रंथालयशास्त्राचे थोर आचार्य डॉ. शि. रा. रंगनाथन यांचे नाव तुम्ही कदाचित ऐकले असेल. त्यांचा जन्मदिवस, १२ ऑगस्ट, आपल्या देशात ग्रंथपालांचा दिवस म्हणून पाळला जातो. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम सांगितले. त्यांपैकी दोन जोडीचे आहेत. प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळाले पाहिजे, हा एक. आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हा दुसरा. पहिला नियम सर्वांनाच पटतो. दुसऱ्याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. फळीवर उभे असलेले पुस्तक स्वतः होऊन हाक मारू शकत नाही. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. मोठ्या ग्रंथालयात हे काम ग्रंथपाल करतो. तुमच्या मंडळात ते तुमच्यापैकीच एकाने करायचे असते. ती मुलगी पुस्तक छातीशी धरून माझ्या दारात आली होती, ती एका अर्थी त्या पुस्तकाची वकील म्हणूनच आली होती.

म्हणून माझे मत असे आहे : पुढचे पुस्तक मंडळाने निवडू नये, एकाने निवडावे. आणि तो एक जण दर महिन्याला निराळा असावा. ज्याची पाळी असेल, त्याच्या निवडीवर मतदान नको, कुरकुर नको.

पण अधिकाराबरोबर भारही आला. ज्याने पुस्तक निवडावयाचे, त्याने ते निदान अर्धे तरी आधी स्वतः वाचलेले असावे. नुसते नाव ऐकून निवडणे म्हणजे मित्रांच्या महिन्यावर जुगार खेळणे होय. पहिल्या दिवशी त्याने आपल्या आवडीचा एखादा उतारा सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा. मुळातून आवडलेले पुस्तक वाचताना माणसाचा आवाज बदलतो, आणि तो आवाज ऐकून ऐकणाऱ्याला जे कळते, ते मुखपृष्ठावरून कधी कळत नाही. इतरांनीही एक वचन द्यावे की, पहिली पन्नास पाने वाचल्याखेरीज पुस्तकाला नावे ठेवणार नाही. पन्नास पानांनंतर ज्याला ते मुळीच सोसत नसेल, त्याने खुशाल मिटावे. मात्र गच्चीवर येऊन का मिटले, ते सांगावे. न आवडल्याचे प्रामाणिक कारण ऐकून निवडणाऱ्याने रुसू नये. हे शेवटचे सर्वांत कठीण आहे, हे मी जाणतो. आपल्या आवडत्या पुस्तकाला कोणी बोल लावला, की आपल्यालाच बोल लावल्यासारखे वाटते.

पुस्तक मिळवण्याची खटपटही निवडणाऱ्यानेच करावी. सातजण आणि प्रत एकच, या एका अडचणीपायी कित्येक मंडळे बंद पडतात. वस्तुतः ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. सार्वजनिक वाचनालयांची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. रत्नागिरीचे वाचनालय १८२८ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. जवळच्या वाचनालयात एक प्रत मिळाली, दुसरी शाळेत मिळाली, तिसरी कोणाच्या काकांच्या कपाटात सापडली, की निम्मे काम झाले. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे, लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली, म्हणजे त्याच्या पुस्तकावरील स्वामित्वाचा हक्क संपतो आणि ते कोणालाही छापता येते. साने गुरुजी १९५० साली वारले. म्हणून त्यांचे 'श्यामची आई' आज अनेक प्रकाशक छापतात आणि ते स्वस्तही मिळते. जुन्या पुस्तकांचा हा एक मोठाच फायदा आहे. आणि एवढे करूनही प्रत एकच मिळाली, तर एकाने वाचावे आणि सहांनी ऐकावे. चातुर्मासात गावोगाव पोथी लावीत असत, तेव्हा पोथी एकच असे आणि ऐकणारे देऊळभर असत. त्यांचे काही अडले नाही.

येथे काही वाचक म्हणतील, "एवढे करण्यापेक्षा तुमच्यासारख्या वडीलधाऱ्यांनीच चांगल्या पुस्तकांची यादी करून दिली, तर भांडणाचे मूळच नाहीसे होईल." मुलांपैकीही दोघांनी मला तसे सुचवले. मी नाही म्हटले. अशी एक सुंदर यादी मी पूर्वी माझ्या पुतण्याला करून दिली होती. ती त्याने इतकी जपून ठेवली की, ती अजूनही कोरी करकरीत आहे! मोठ्यांनी विचारले असता सांगावे, कपाट उघडे ठेवावे, आणि बाजूला व्हावे. निवडताना चुकण्याचा हक्कही मुलांचाच असला पाहिजे. एखादा महिना फसला, तर फसू द्यावा. चांगले पुस्तक कसे ओळखावे हे चांगल्या पुस्तकांच्या यादीपेक्षा एका फसलेल्या निवडीने लवकर समजते.

मतदानाला मुळीच जागा नाही, असेही मी म्हणत नाही. एकाच लेखकाची दोन पुस्तके मनात असली आणि निवडणाऱ्याला ठरवता येत नसले, तर त्याने खुशाल इतरांचा कौल घ्यावा. पुस्तकाला महिना पुरत नाही, दीड महिना द्यावा काय, हेही सर्वांनी मिळून ठरवावे.

हे सारे बोलून होईपर्यंत लाडवांचा डबा रिकामा झाला होता. त्यातच सात चिठ्ठ्या टाकल्या. पहिली चिठ्ठी निघाली ती त्या सर्वांत लहान मुलाची, ज्याने मतच दिले नव्हते. "तू मत का दिले नाहीस?" असे मी त्याला विचारले. तो खाली पाहत म्हणाला, "दोन्हींतले मला कुठलेच नको होते." मग जरा थांबून म्हणाला, "मला मारुती चितमपल्लींचे 'रानवाटा' हवे होते. त्यात जंगल आहे. मामाने दिले आहे मला." त्याला पक्षी-प्राण्यांचे वेड आहे, हे इतक्या महिन्यांत त्या सहांपैकी कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

एकेक चिठ्ठी निघत गेली. सातवी त्या उंच मुलाची निघाली, तेव्हा त्याने डब्याकडे असे काही पाहिले की, बाकीच्यांना हसू आवरेना. 'माझा प्रवास'वाल्या मुलीचा क्रमांक पाचवा लागला. ती रडवेली होईल, असे मला वाटले होते, पण तिने पुस्तक उघडले आणि मध्येच मला विचारले, "आजोबा, गंगेची कावड वाटेत जमिनीवर टेकवायची नसते म्हणतात, ते खरे का? मग हे रात्री झोपत कसे असतील?"

"खरेच की! कसे झोपत?" तो उंच मुलगा पुढे सरकत म्हणाला. "त्या पुस्तकात आहे का ते?"

तिने पुस्तक मिटले. "माझी पाळी आली की सांगेन," ती म्हणाली.